एमएमॲक्शन२: व्हिडिओतली कृती ओळखणाऱ्या टूलकिटचं सविस्तर परीक्षण

व्हिडिओ पाहून माणूस काय करतोय हे सांगणारं मॉडेल स्वतःच्या डेटावर तयार करायचं असेल, तर मोफत टूलकिट्समध्ये एमएमॲक्शन२ अजूनही सर्वांत भरघोस आहे. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या एमएमलॅबमधून उभ्या राहिलेल्या ओपनएमएमलॅबचं हे काम. २०२० मध्ये ते बाहेर आलं, एप्रिल २०२३ मध्ये १.० आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २०२३ मधल्या १.२.० नंतर नवी आवृत्ती निघालेली नाही. साधन मुरलेलं आहे, पण देखभाल थांबल्यात जमा आहे. दोन्ही गोष्टी लक्षात घेऊनच ते निवडावं.

मॉडेलांची यादी लांबलचक आहे: टीएसएन, टीएसएम, आयथ्रीडी, स्लोफास्ट, एक्सथ्रीडी, टाइमस्फॉर्मर, व्हिडिओ स्विन, व्हिडिओएमएई, शिवाय माणसाच्या सांगाड्यावर (सांध्यांच्या जागांवर) चालणारी एसटी-जीसीएन आणि पोझसीथ्रीडी. पण निव्वळ यादीसाठी हे टूलकिट घेऊ नये. व्हिडिओतून कोणत्या फ्रेम्स, किती अंतराने, किती ठिकाणांहून उचलायच्या हे इथे कॉन्फिग (सगळ्या सेटिंगच्या) फाइलमध्ये चार ओळींत उघड लिहिलेलं असतं, आणि त्याचं खरं मोल तिथे आहे. कृती ओळखण्याच्या कामात बहुतेक घोटाळे मॉडेलात नसून या चार ओळींत असतात.

इन्स्टॉलेशन

इथे हे टूलकिट कमी पडतं, आणि बरेच जण पहिल्याच दिवशी सोडून देतात ते इथेच. मिम हा त्यांचा इन्स्टॉलर वापरून आवृत्ती न सांगता एमएमसीव्ही (त्यांची पायाभूत लायब्ररी) घेतलं की २.२.० येतं, आणि एमएमॲक्शन इम्पोर्ट करताच आवृत्ती जुळत नाही म्हणून थांबतं. त्याला २.२.० च्या खालची आवृत्ती लागते. म्हणून २.१.० स्पष्ट लिहून घ्यावी. तिच्या तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेल्या फाइली) पायटॉर्च या डीप लर्निंग लायब्ररीच्या २.१ पर्यंतच्याच आहेत. पायटॉर्च त्याहून नवं असेल तर एमएमसीव्ही सोर्समधून कंपाइल व्हायला लागतं. त्यात बराच वेळ जातो आणि मशीनवरचा कूडा (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर गणना चालवणारं सॉफ्टवेअर) कंपायलर पायटॉर्चच्या कूडाशी जुळत नसेल तर शेवटी तेही फसतं.

जुळणारा संच असा: पायथन ३.१०, पायटॉर्च २.१, कूडा ११.८, एमएमसीव्ही २.१.० आणि नमपाय (आकड्यांच्या ॲरेची पायथन लायब्ररी) २ च्या खालचं. नमपायकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पायटॉर्च २.१ हे नमपाय १ वर बांधलेलं आहे, त्यामुळे नमपाय २ आलं की ॲरेचं टेन्सरमध्ये (पायटॉर्चच्या आकड्यांच्या संचात) रूपांतर करतानाच चूक येते. हे सगळं वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये करावं आणि पायटॉर्च सर्वांत आधी बसवावं. एमएमॲक्शन२ थेट पिपने (पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने) घेऊ नये, १.२.० च्या पिप पॅकेजमध्ये डीआरएन नावाचं एक फोल्डर राहून गेलं आहे आणि इम्पोर्ट करताना ते सापडत नाही अशी तक्रार येते. रिपॉझिटरी क्लोन करून एडिटेबल पद्धतीने बसवली की हा प्रश्न येत नाही. सांगाड्याचं काम करणार नसाल तर एमएमपोझ (सांधे शोधणारं त्यांचंच टूलकिट) घेऊच नका, तेवढ्या कटकटी कमी.

बसलं की नाही हे पाहायला डेमो फोल्डरमधला नमुना व्हिडिओ टीएसएनच्या कायनेटिक्स वजनांवर, म्हणजे कायनेटिक्स या मानवी कृतींच्या मोठ्या डेटासेटवर आधीच शिकलेल्या मॉडेलवर, चालवावा. पंजा लढवण्याची कृती पहिल्या क्रमांकावर आली की सगळं जागेवर आहे असं समजावं.

डेटा देण्याची पद्धत

ही बाजू साधी आणि चांगली आहे. एका टेक्स्ट फाइलमध्ये दर ओळीला व्हिडिओचा पत्ता, एक स्पेस आणि वर्गाचा (कृतीच्या प्रकाराचा) क्रमांक. फाइलच्या नावात स्पेस असेल तर ओळीचे दोनाऐवजी तीन तुकडे होतात आणि लोडर कोसळतो. नावं बदलावीत किंवा डेटासेटच्या सेटिंगमध्ये विभाजक चिन्ह बदलावं. क्रमांक ० पासून सुरू होतात. दहा वर्ग असतील आणि लेबलं १ ते १० दिली असतील, तर जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डवर) डिव्हाइस-साइड असर्ट नावाची एक दुर्बोध चूक येते आणि ती लेबलामुळे आली असं तिच्या मजकुरावरून अजिबात कळत नाही. अशा वेळी हेच ट्रेनिंग एकदा सीपीयूवर चालवलं की खरं कारण समोर येतं.

ट्रेनिंगआधी साधनांच्या फोल्डरमधली व्हिडिओ तपासणारी स्क्रिप्ट जरूर चालवावी. अर्धवट कॉपी झालेला एक व्हिडिओ कित्येक तास चाललेलं ट्रेनिंग मध्येच पाडू शकतो. त्याच सुमारास सगळे व्हिडिओ छोट्या बाजूला २५६ किंवा ३२० पिक्सेलवर आणून ठेवावेत. शेवटी मॉडेलला २२४ पिक्सेलच दिसणार असतात. मोठे व्हिडिओ ठेवले तर सीपीयू डीकोडिंगमध्ये अडकतो आणि जीपीयू वाट पाहत बसतो. लॉगमध्ये एका फेरीचा एकूण वेळ आणि डेटाचा वेळ शेजारी शेजारी छापलेले असतात. दोन आकडे जवळजवळ सारखे दिसले तर महागडा जीपीयू रिकामा आहे. मग वर्कर (डेटा वाचणाऱ्या समांतर प्रक्रिया) वाढवा किंवा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करताना कीफ्रेम (पूर्ण साठवलेल्या फ्रेम्स) जवळजवळ ठेवा, म्हणजे मधल्याच फ्रेमवर उडी मारताना आधीच्या शेकडो फ्रेम उलगडाव्या लागत नाहीत.

ट्रेनिंग आणि चाचणीचे गट पाडायचं काम मात्र टूलकिट करत नाही, आणि तिथे चूक झाली तर ती कुठेही लाल अक्षरांत दिसत नाही. एकाच रेकॉर्डिंगमधून कापलेले दोन तुकडे दोन बाजूंना गेले की अचूकता भलतीच चांगली दिसते. यूसीएफ१०१ या २०१२ च्या डेटासेटमध्ये १०१ वर्ग आणि १३,३२० क्लिप्स आहेत. दर वर्गाच्या क्लिप्स २५ गटांत बांधलेल्या आहेत आणि एका गटातल्या क्लिप्समध्ये पार्श्वभूमी किंवा माणूस सारखा असू शकतो. म्हणून त्याचे अधिकृत विभाग करताना गट फोडलेले नाहीत. स्वतःच्या डेटालाही हाच नियम लावावा: विभागणी माणसानुसार किंवा कॅमेऱ्यानुसार करावी, क्लिपनुसार कधीच नको.

फ्रेम्सची निवड: इथेच सगळं ठरतं

सॅम्पलफ्रेम्स नावाच्या पायरीत तीन आकडे असतात. क्लिप_लेन म्हणजे एका क्लिपमध्ये किती फ्रेम्स, फ्रेम_इंटरव्हल म्हणजे त्यांच्यात किती अंतर, आणि नम_क्लिप्स म्हणजे व्हिडिओत किती ठिकाणांहून क्लिप घ्यायची. आयथ्रीडी आणि स्लोफास्टच्या नेहमीच्या कॉन्फिगमध्ये ३२ आणि २ असतात. म्हणजे ६४ फ्रेम्सचा पट्टा. सेकंदाला ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत हा पट्टा साधारण २.१ सेकंदांचा होतो, १५ फ्रेम्सच्या कॅमेऱ्यावर तोच ४.३ सेकंदांचा. मॉडेल ३० वर शिकवून १५ च्या कॅमेऱ्यावर लावलं की त्याला प्रत्येक हालचाल दुप्पट वेगाने दिसते. चालणारा माणूस धावतोय असा निकाल येतो आणि दोष मॉडेलला दिला जातो. १.x मालिकेत टार्गेट_एफपीएस हा पर्याय याचसाठी आहे; डीकॉर्ड या व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररीने व्हिडिओ उघडला की फ्रेमचा वेग त्याच्याकडून मिळतो आणि अंतर त्यानुसार बदलतं. फ्रेम्स आधीच सुट्या चित्रांत काढून ठेवल्या असतील तर ही माहिती हरवलेली असते.

टीएसएनची पद्धत वेगळी. तो अख्ख्या व्हिडिओचे समान भाग करून प्रत्येकातून एक फ्रेम उचलतो. आठ भाग आणि ४० सेकंदांचा व्हिडिओ असेल तर दर पाच सेकंदांतून एकच फ्रेम. पडणं, फेकणं, धक्का देणं अशी सेकंदभराची कृती त्यात सहज निसटते. शिवाय टीएसएन शेवटी सगळ्या फ्रेम्सच्या गुणांची सरासरी काढतो, आणि सरासरीला क्रम कळत नाही. दार उघडणं आणि बंद करणं, बसणं आणि उठणं या जोड्या तो तत्त्वतःच वेगळ्या करू शकत नाही. कितीही ट्रेन केला तरी. तिथे टीएसएम घ्यावा. तो चॅनेलांचा (मॉडेलने फ्रेममधून काढलेल्या वैशिष्ट्यांच्या थरांचा) काही भाग शेजारच्या फ्रेम्समध्ये सरकवतो, जवळपास तेवढ्याच गणनेत क्रमाची जाण येते, आणि कॉन्फिगमधला बदलही किरकोळ असतो.

आता एक बारीक पण फार नुकसान करणारी गोष्ट. व्हिडिओ ६४ फ्रेम्सपेक्षा लहान असेल तर उरलेल्या जागा कशा भरायच्या? डीफॉल्ट पर्याय लूप आहे, म्हणजे शेवट झाला की पुन्हा पहिल्या फ्रेमपासून. माणूस पडतानाच्या ४० फ्रेम्सच्या क्लिपचा विचार करा. मॉडेलला दिसतं ते असं: माणूस उभा, पडला, जमिनीवर, आणि पुढच्याच फ्रेमला पुन्हा ताठ उभा. प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर असं कधी घडत नाही, तरी मॉडेल हीच उडी पडण्याची खूण म्हणून शिकतं. चाचणीच्या क्लिप्सही तशाच कापलेल्या असतात, त्यामुळे तिथे अचूकता उत्तम आणि प्रत्यक्ष वापरात शून्य. पर्याय बदलून शेवटची फ्रेम पुन्हा पुन्हा वापरायची असा करता येतो. एक शब्द बदलायचा असतो. त्याहून चांगलं म्हणजे क्लिप कापतानाच पुढे-मागे दोन-तीन सेकंद जास्त ठेवावेत.

मध्यभागी कापण्याची पायरीही अशीच. छोटी बाजू २५६ केली की १६:९ चा व्हिडिओ ४५५ बाय २५६ होतो. त्यातून मधला २२४ चा चौकोन घेतला की रुंदीतला निम्म्याहून थोडा जास्त भाग जातो आणि चित्राचा फक्त ४३ टक्के भाग उरतो. माणूस कडेला उभा असेल तर मॉडेलला तो दिसतच नाही. एका ओळीत तीन चौकोन घेणारा थ्रीक्रॉप वापरला तर पूर्ण रुंदी व्यापली जाते, पण काम तिप्पट होतं. कॅमेरा स्थिर असेल तर सर्वांत उत्तम उपाय म्हणजे आधी माणूस शोधून त्याच्याभोवतीचा भाग कापून देणं.

या सगळ्याची शहानिशा करायला डेटासेट पाहण्याची एक स्क्रिप्ट दिलेली आहे. सर्व पायऱ्यांतून गेल्यावर मॉडेलच्या हाती नेमकं काय पडतं ते ती काढून दाखवते. पन्नासेक क्लिप्स डोळ्यांनी पाहाव्यात. कृती तुम्हाला ओळखता येत नसेल तर मॉडेललाही येणार नाही.

ट्रेनिंग

कायनेटिक्स-४०० वर शिकलेली वजनं घेऊन आपल्या वर्गांवर पुढे शिकवणं हा सरळ मार्ग. क्लासिफायरमधली वर्गसंख्या बदलायची आणि लोड_फ्रॉममध्ये वजनांचा पत्ता द्यायचा. शेवटच्या थराचा आकार जुळत नाही अशी सूचना येते, ती यायलाच हवी. लर्निंग रेट (दर फेरीला वजनं किती बदलायची तो आकडा) मात्र हाताने पाहावा. तयार कॉन्फिगमधले आकडे बहुधा आठ जीपीयूंसाठी लिहिलेले आहेत, आणि बॅच (एका फेरीतल्या क्लिप्स) प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. टीएसएनमध्ये प्रत्येकी ३२ क्लिप्स म्हणजे एकूण २५६ ची बॅच आणि लर्निंग रेट ०.०१ आहे. एकाच जीपीयूवर बॅच ८ ठेवली तर त्याच प्रमाणात तो सुमारे ०.०००३ व्हायला हवा. तसाच ०.०१ ठेवला तर लॉस (मॉडेल किती चुकतंय याचा आकडा) भरकटू शकतो. ऑटो-स्केलचा पर्याय हे गणित करून देतो, पण तो आपोआप चालू नसतो. ट्रेनिंगच्या आदेशात लिहावा लागतो.

वर्गांत डावं-उजवं असेल तर आडवं उलटवण्याची पायरी काढून टाका किंवा तिला लेबलांची अदलाबदल सांगा. फ्लिपमध्ये तशी सोय आहे आणि समथिंग-समथिंग डेटासेटच्या कॉन्फिगमध्ये ती वापरलेलीही आहे. नुसत्या टॉप-१ (पहिलंच उत्तर बरोबर येण्याच्या) अचूकतेवर विसंबू नये; दर वर्गाची सरासरी अचूकताही मागावी. शंभरात नव्वद क्लिप्स चालण्याच्या असतील तर सतत "चालणं" म्हणणारं मॉडेलही नव्वद टक्के मिळवतं.

मॉडेल कृती पाहतं की देखावा, याची एक चाचणी या टूलकिटमध्ये दहा मिनिटांत लिहिता येते. फ्रेम्स निवडल्यानंतर आणि डीकोड करण्याआधी त्यांचे क्रमांक उलटे करणारी छोटी पायरी नोंदवायची आणि तयार मॉडेल पुन्हा तपासायचं. बसणं आणि उठणं यांची उत्तरं आपसांत बदलली तर मॉडेल हालचाल वाचतंय. काहीच बदललं नाही तर त्याने खुर्चीवरून अंदाज बांधलेला आहे. कायनेटिक्सवर शिकलेल्या मॉडेलांना पोहण्याच्या तलावाची, मैदानाची, स्वयंपाकघराची खूण पुष्कळदा पुरते, म्हणून ही चाचणी प्रत्येक प्रकल्पात करावी असं आमचं ठाम मत आहे.

सांगाड्यावरून ओळख

देखाव्याचा त्रास टाळायचा असेल तर पोझसीथ्रीडी हा या टूलकिटमधला सर्वांत समाधान देणारा भाग. आधी माणूस शोधायचा, मग त्याचे कोको या डेटासेटच्या पद्धतीचे १७ सांधे, आणि त्या सांध्यांच्या हीटमॅपवर (सांधा कुठे आहे ते दाखवणाऱ्या चित्रांवर) त्रिमितीय कन्व्होल्यूशन. नेहमीच्या कॉन्फिगमध्ये अख्ख्या क्लिपमधून ४८ फ्रेम्स समान अंतराने घेतल्या जातात. डेटाची फाइल पिकल या पायथनच्या स्वरूपात असते. दर क्लिपला फ्रेम्सची संख्या, चित्राचा आकार, लेबल, सांध्यांचे निर्देशांक आणि त्यांचे विश्वासांक लागतात. निर्देशांकांच्या ॲरेचा क्रम माणसं, फ्रेम्स, सांधे, दोन अक्ष असाच हवा. चित्राचा आकार लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर; उलट लिहिलं तर चूक येत नाही, फक्त सांगाडा चेपतो आणि अचूकता कमी होते.

एसटी-जीसीएन हलकं आहे, पण एखादा सांधा फ्रेमभर चुकला की ते बावचळतं, आणि दोन माणसांची अदलाबदल झाली की आणखीच. पोझसीथ्रीडी अशा गोंगाटात बरंच टिकून राहतं. सांगाड्याची मर्यादाही सरळ आहे: वस्तू दिसत नाही. पाणी पिणं आणि फोन कानाला लावणं यांत हाताचा मार्ग जवळपास सारखा असतो. अशा वर्गांसाठी चित्रावरचं मॉडेल सोबत हवंच.

फ्रेममधला कोणता माणूस काय करतोय हे हवं असेल तर एव्हीए या डेटासेटच्या पद्धतीचे मॉडेल आहेत. ते चालतात, पण स्वतःचा डेटा घालताना दोन ठिकाणी सांभाळा. इथे कृतींचे क्रमांक १ पासून सुरू होतात, आणि डेटासेटच्या कोडमध्ये वेळेची सुरुवात ९०० सेकंद धरलेली आहे, कारण एव्हीएच्या चित्रफिती पंधराव्या मिनिटापासून घेतल्या आहेत. तुमचे व्हिडिओ शून्यापासून सुरू होत असतील तर हा आकडा बदलल्याशिवाय प्रत्येक चौकट भलत्याच फ्रेमवर बसते.

प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर

टूलकिटच्या मॉडेलांच्या तक्त्यातली अचूकता पाहून हुरळून जाऊ नये. स्लोफास्ट, आयथ्रीडी यांचे आकडे एका व्हिडिओतून १० क्लिप्स आणि प्रत्येकीचे ३ चौकोन, अशी ३० दृश्यं घेऊन काढलेले असतात. स्लोफास्टचं रेसनेट-५० वरचं लहान मॉडेल मूळ शोधनिबंधानुसार एका दृश्याला ३६.१ गिगाफ्लॉप्स (अब्ज गणिती क्रिया) घेतं. तीस दृश्यांचे हजाराच्या वर जातात. थेट कॅमेऱ्यावर तुम्ही एकच दृश्य घेणार, म्हणून चाचणीही एकाच दृश्याची करून पाहा आणि तोच आकडा खरा धरा.

वेबकॅमचा डेमो दिलेला आहे, पण तो उत्पादन म्हणून वापरण्याजोगा नाही. स्वतःची स्क्रिप्ट लिहिताना दोन गोष्टी हटकून चुकतात. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल क्रमाने देतं आणि डीकॉर्डवर शिकलेलं मॉडेल लाल-हिरवा-निळा अपेक्षित धरतं. रंग न उलटवल्यास अचूकता घसरते, पण मॉडेल काहीतरी उत्तर देत राहतं, म्हणून लवकर लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे "काहीच नाही" हा वर्ग. सॉफ्टमॅक्सची (वर्गांचे गुण शक्यतांत बदलणाऱ्या पायरीची) बेरीज नेहमी १ होते, त्यामुळे रिकाम्या खोलीतही कोणती तरी कृती जिंकतेच. रिकामी खोली, उभा माणूस, खुर्चीवर नुसता बसलेला माणूस अशा क्लिप्सचा मोठा वर्ग ट्रेनिंगमध्ये घालावा, शेजारच्या चार-पाच खिडक्यांच्या गुणांची सरासरी घ्यावी, आणि सूचना सुरू करण्याची मर्यादा थांबवण्याच्या मर्यादेपेक्षा वर ठेवावी. नाहीतर मर्यादेच्या आसपास सूचना सतत चालू-बंद होत राहते.

कुणी घ्यावं

एकच मॉडेल पटकन आपल्या डेटावर शिकवायचं असेल तर हगिंग फेसच्या ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररीतलं व्हिडिओएमएई बसवायला फार सोपं आहे. १६ फ्रेम्स द्या आणि चालवा, नव्या पायटॉर्चवरही चालतं. फक्त फ्रेम्स निवडण्याचा कोड तुम्हालाच लिहावा लागतो, म्हणजे वरच्या सगळ्या चुका तुमच्या हाती. फोनवर चालवायचं असेल तर मीडियापाइप या गूगलच्या साधनातून सांधे घेऊन वर एक लहान मॉडेल लावणं जास्त व्यवहार्य. अनेक मॉडेलं एकाच डेटावर, एकाच मोजपट्टीने तोलून पाहायची असतील, सांगाडा आणि चित्र दोन्ही वापरायचे असतील, तर एमएमॲक्शन२ ला पर्याय दिसत नाही. अगदी नव्या पिढीचा जीपीयू असेल आणि जुनं पायटॉर्च त्यावर चालत नसेल, तर या भानगडीत पडू नये.

परवान्याबद्दल: कोड अपाची २.० खाली आहे, व्यावसायिक वापराला मोकळा. तयार वजनं ज्या डेटावर शिकली आहेत त्याच्या अटी मात्र वेगळ्या असतात. एनटीयू आरजीबी+डी हा सांगाड्यांच्या नोंदी असलेला डेटासेट परवानगी मागून, शैक्षणिक संशोधनासाठीच मिळतो. त्यावर शिकलेलं सांगाड्याचं मॉडेल उत्पादनात घालण्याआधी त्या अटी वाचून घ्या, किंवा सांध्यांचा स्वतःचा डेटा गोळा करून मॉडेल शून्यापासून शिकवा. पोझसीथ्रीडीच्या आकाराला ते एका जीपीयूवरही झेपतं.